मिलिमीटर लहरी आणि निर्वात नळ्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, तेव्हा निर्वात नळीचं युगच संपलं, असा समज पक्का झाला. पण 30 ते 300 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे 10 ते 1 मिलिमीटर लांबीच्या लहरींवर, भरपूर शक्ती हवी असेल तर अभियंते आजही नळीकडेच वळतात.

गैरसमज : नळीचं प्रत्येक काम आता चिप करते.

वस्तुस्थिती : कमी शक्तीच्या कामात चिपच सरस आहे. मोटारींमधले 77 गिगाहर्ट्झचे रडार चिपवरच चालतात. पण ट्रान्झिस्टर जितका वेगवान हवा तितका तो बारीक करावा लागतो, आणि बारीक ट्रान्झिस्टरला जास्त व्होल्टेज आणि उष्णता सोसत नाही. 94 गिगाहर्ट्झला एका चिपमधून जेमतेम काही वॉट निघतात. अनेक चिप जोडाव्यात, तर जोडणीतच बरीच शक्ती वाया जाते. नासाच्या ‘क्लाउडसॅट’ उपग्रहाने 2006 पासून ढगांचा उभा छेद टिपला तो याच वारंवारतेवर. त्याच्या रडारला प्रत्येक स्पंदात दीड किलोवॉटहून अधिक शक्ती पुरवत होती क्लायस्ट्रॉन जातीची छोटी नळी. निर्वातात इलेक्ट्रॉनला वाटेत कुणी अडवत नाही, आणि त्याची उरलेली ऊर्जा लहरीच्या मार्गापासून दूर, नळीच्या टोकाशी इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या कलेक्टरवर उतरवता येते. नळीचं बळ इथेच आहे.

गैरसमज : मोठ्या नळीचा आराखडा लहान केला की छोटी नळी तयार.

वस्तुस्थिती : खरी कसोटी इथेच लागते. 20 किलोव्होल्टने ढकललेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे 27 टक्के वेगाने धावतो. लहर मात्र प्रकाशवेगाच्या आसपास. दोघांची गाठ पडल्याशिवाय इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा लहरीला देत नाहीत. म्हणून तांब्याच्या दोन ठोकळ्यांत नागमोडी खाच कोरून ते एकमेकांवर बसवतात. लहर वळणं घेत लांबून जाते, इलेक्ट्रॉनांचा झोत मधल्या भोकातून सरळ जातो, आणि दोघांची पुढे सरकण्याची गती जुळते.

हे भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. 20 किलोव्होल्ट आणि 100 मिलिअँपिअरचा झोत म्हणजे 2000 वॉट. त्यातला एक टक्का जरी भिंतीवर आदळला, तरी 20 वॉटची उष्णता त्या नाजूक खाचेत उतरते. झोत सरळ ठेवायला भोवती समेरियम-कोबाल्ट चुंबकांच्या कड्या आळीपाळीने उलटसुलट बसवतात. शिवाय 94 गिगाहर्ट्झला विद्युतप्रवाह तांब्याच्या वरच्या 0.2 मायक्रॉनच्या थरातूनच वाहतो. पृष्ठभाग त्याहून खडबडीत राहिला, तर कमावलेली शक्ती भिंतीच गिळतात. म्हणून आराखड्याइतकीच कोरणीची सफाई महत्त्वाची ठरते.

गैरसमज : नळी म्हणजे विजेची उधळपट्टी.

वस्तुस्थिती : झोत लहरीला आपल्या ऊर्जेचा थोडाच वाटा देतो, हे खरं. पण घाट उतरून आलेली गाडी ब्रेक न दाबता समोरच्या चढावर नेऊन थांबवावी, तसं कलेक्टरचं व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरतं ठेवून इलेक्ट्रॉन मंदावतात. त्यांची बरीचशी ऊर्जा विद्युतपुरवठ्याकडे परत येते. म्हणूनच मिलिमीटर पट्ट्याच्या खालच्या वारंवारतांवर उपग्रहांतल्या नळ्या 60 टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठतात.

गैरसमज : नळ्या लवकर जळतात.

वस्तुस्थिती : 1977 मध्ये निघालेली व्हॉयेजर यानं चार दशकांहून अधिक काळ लहर आणि झोत सोबत धावणाऱ्या ट्रॅव्हलिंग वेव्ह नळ्यांच्या बळावर पृथ्वीशी बोलत राहिली. इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड योग्य तापमानाला ठेवला आणि निर्वात शुद्ध राहिला, तर नळी वर्षानुवर्षं चालते.

चिप की नळी, हा वादच मुळात चुकीचा आहे. आजच्या छोट्या पॉवर मॉड्यूलमध्ये संकेताची सुरुवातीची वाढ चिप करते आणि शेवटची मोठी उडी नळी मारते. पिलानीची सीरी आणि बेंगळुरूची एमटीआरडीसी या भारतीय संस्था मायक्रोवेव्ह नळ्यांवर काम करतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांनी हा विषय इतिहासाच्या धड्यात टाकू नये. विद्युतचुंबकीय सिद्धांत, धातुविज्ञान आणि बारीक कारागिरी अशी तिन्ही एकाच हाताकडे मागणारी क्षेत्रं फार थोडी आहेत, आणि त्यांतलं हे एक आहे.