एक शब्द आठवताना

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदला मुक्कामास येते. घरोघरी वारकऱ्यांच्या भोजनाची सिद्धता चालते. अशा वेळी आईने तोंडी सांगितलेले दहा जिन्नस आणावयास एखादी मुलगी वाण्याकडे जाते आणि निम्म्यावरच अडते. वाणी मदतीस येतो, “मीठ, मिरची, हळद सांगितली का?” ते शब्द तिला तत्काळ ओळखू येतात, पण गूळ आणि तेल काही केल्या आठवत नाही!

हा निव्वळ वेंधळेपणा नव्हे. एक शब्द ओळखला, की त्याच्या सोयऱ्याची ओळख लवकर पटते, हे खरे. ‘डॉक्टर’ या शब्दापाठोपाठ ‘परिचारिका’ हा शब्द अधिक त्वरेने ओळखला जातो, असे १९७१ साली प्रयोगाने दिसून आले. परंतु ओळखणे निराळे आणि आठवणे निराळे. १९६८ साली स्लामेका या मानसशास्त्रज्ञाने काही लोकांना, त्यांनी लक्षात ठेवलेल्या यादीतील थोडे शब्द आयते पुरविले. उरलेले शब्द त्यांना, काहीच न पुरविलेल्या लोकांपेक्षा कमी आठवले! पुरविलेले शब्दच पुनःपुन्हा मनात पुढे येऊन इतरांची वाट अडवितात. शिवाय आपण मनाशी लावलेला क्रमही मोडतो.

वाणी जरा गप्प राहिला आणि मुलीने आईचे बोलणे पहिल्यापासून मनात म्हटले, तर गूळ आणि तेल बहुधा सापडेल.