नाकासमोरचा धूर: घरच्या काचकामाच्या खोलीतली हवा

आज आपण गॅसच्या टॉर्चवर काच वितळवून मणी, लोलक, छोट्या शोभेच्या वस्तू करणाऱ्या घरगुती कारागिराबद्दल बोलणार आहोत. त्यातही फक्त हवेबद्दल. टॉर्च कुठली, काच कुठून आणायची, हे प्रश्न सगळे विचारतात. त्या खोलीतली हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि घरातच काम असलं की ती हवा शेजारच्या खोलीत झोपलेली मुलंही घेत असतात.

काचेचे मणी आपल्या मुलखाला परके नाहीत. बीडच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला प्राचीन काळचे काचेचे मणी सापडले आहेत आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात असा ठेवा पाहायला मिळतो. ज्योतीसमोर बसून काम करणंही जुनंच आहे. बीड, अंबाजोगाई, परळी, कुठल्याही गावच्या सराफ्यात जा, सोनार ज्योतीवर डाक लावताना दिसतो. ‘केडीएम’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तो कॅडमियमवरून आला. कॅडमियम मिसळलेला डाक सोपा पडायचा, पण तापला की त्याची वाफ व्हायची आणि ती कारागिराच्या फुप्फुसांना, मूत्रपिंडांना इजा करायची. म्हणून तो मागे पडला. दागिना घालणाऱ्याला त्रास नव्हता, घडवणाऱ्याला होता. काचकामातही नेमकं तेच आहे.

आता ज्योतीतून निघतं काय? तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, कार्बन मोनॉक्साइड. ऑक्सिजन कमी पडून ज्योत पिवळी, लांबट झाली की हा वायू वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, तो हाच वायू. दुसरी, नायट्रोजनची ऑक्साइडं. ऑक्सिजन आणि एलपीजीची निळी, जोरदार ज्योत इतकी गरम असते की हवेतलाच नायट्रोजन जळायला लागतो. म्हणजे स्वच्छ दिसणारी ज्योतही निर्धोक नाही. नायट्रोजन डायऑक्साइडचा खरा त्रास काही तासांनी, रात्री झोपल्यावर सुरू होऊ शकतो. फुप्फुसात पाणी भरू लागतं. तिसरी, धातूंची वाफ. रंगीत काचेत कॅडमियम, शिसं असू शकतं, आणि काचेवर चांदीची झाक आणायची तर चांदीच ज्योतीत धरतात.

लगेच कोणी म्हणेल, मग मास्क लावू. कापडी किंवा धुळीचा मास्क कण अडवतो. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड त्यातून सरळ आत जातात.

मग उपाय काय? जुन्या माळवदाच्या घरात धूर जायला छताला साणं ठेवलेलं असायचं. गरम धूर वर जायचा, खोली बऱ्यापैकी मोकळी व्हायची. पण चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे लालच राहायचे, कारण साण्यापर्यंत पोचण्याआधी धूर तिच्या तोंडावरून जायचा. आजच्या विषयाचं सार एवढंच आहे. खोलीतला धूर काढणं वेगळं आणि नाकासमोरचा धूर काढणं वेगळं. पाठीमागच्या भिंतीत वर पंखा बसवला तर तो ज्योतीवरचा वायू आपल्याच चेहऱ्यावरून ओढून नेतो. अशा वेळी पंखा नसलेला बरा म्हणायची पाळी येते.

दुसरी गोष्ट घरी करून बघा. वीतभर अंतरावरून फुंकर मारली की पणती विझते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा! विझत नाही. फुंकलेली हवा लांब जाते, पण ओढलेली हवा चारी बाजूंनी येते. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं लांब गेलं, की ओढीचा वेग दहावा भागही उरत नाही. म्हणून ज्योतीपासून दोन-तीन फुटांवरचा पंखा फारसा उपयोगाचा नाही. ज्योतच खोक्याच्या आत हवी.

स्वस्त आणि नीट चालणारी रचना अशी. टेबल बाहेरच्या भिंतीला लावा. त्यावर जीआय पत्र्याचा खोका करून घ्या. वरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी बंद, फक्त पुढून उघडा. टॉर्चची ज्योत खोक्याच्या आत, आपलं डोकं बाहेर. मागच्या भिंतीतच पंखा, पाइप नाहीच. पाइप जितका लांब आणि वळणं जितकी जास्त, तितका साधा पात्यांचा पंखा दमतो. पाइप टाळताच येत नसेल तर ब्लोअर घ्यावा लागतो, आणि खर्च तिथेच वाढतो.

आता हिशेब. खोक्याच्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला साधारण १०० फूट हवा. तोंड ३ फूट रुंद, २ फूट उंच असेल तर क्षेत्रफळ ६ चौरस फूट. ६ गुणिले १००, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट. आपल्याकडे पंख्याच्या खोक्यावर आकडा घनमीटर प्रति तास असा असतो. ६०० ला १.७ ने गुणा, १,०२० आले. पण तो आकडा पंखा मोकळ्यावर फिरतो तेव्हाचा. जाळी, झडप, खोका यांनी तो घटतो. म्हणून १,३०० ते १,५०० चा घ्या. १२ इंची हेवी ड्यूटी पंख्यांत असे मिळतात. पैसे कमी असतील तर पंखा लहान घेण्याआधी खोक्याचं तोंड लहान करा. पत्र्याची एक पट्टी लावली की काम होतं.

जेवढी हवा बाहेर गेली तेवढी आत यायला हवी. दार-खिडक्या गच्च बंद ठेवल्या तर पंखा नुसता घुमतो. घरात गॅस गिझर असेल तर त्याचा धूरही उलटा आत ओढला जाऊ शकतो. म्हणून आपल्या पाठीमागच्या बाजूला किमान २ चौरस फूट उघडी जागा ठेवा. अर्धी खिडकी पुरते.

इथे मराठवाड्याचा उन्हाळा आडवा येतो. पारा चाळिशीपार, समोर ज्योत, मग कारागीर कूलर पाठीशी लावतो. मिनिटाला १०० फूट म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, आपल्या सावकाश चालण्यापेक्षाही कमी. कूलरचा झोत त्याच्या कितीतरी पट. तो खोक्यात शिरून सगळा वायू उसळून बाहेर आणतो. छताच्या पंख्याचंही तेच. मग कूलर बंद ठेवायचा का? नाही. तो शेजारच्या खोलीच्या खिडकीत लावा आणि मधलं दार उघडं ठेवा. हवा गार येईल, संथ येईल, आणि आत यायच्या हवेची सोयही त्यातच होईल.

वीज गेली तर? पंखा थांबतो, ज्योत थांबत नाही. नियम एकच: पंखा बंद, टॉर्च बंद. हा पंखा घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो, तो त्यावर जोडून घ्या. काम संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या.

एलपीजीचं वेगळं आहे. तो हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, वरचा पंखा त्याला काढत नाही. सिलिंडर खोलीबाहेर, मोकळ्या जागेत, सखल नसलेल्या ठिकाणी ठेवा. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. गॅसचा वास आला तर एक्झॉस्टचं बटण दाबू नका, ठिणगी पडते. व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, बाहेर पडा.

शेवटी परीक्षा. ज्योत पेटवण्याआधी पंखा लावून खोक्याच्या पुढच्या कडेशी उदबत्ती धरा. वर, खाली, दोन्ही कोपऱ्यांत. धूर सगळीकडे आत वळला पाहिजे. एका कोपऱ्यातून जरी बाहेर आला, तरी तोंड अजून लहान करा किंवा समोरून येणारा वारा शोधा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाकाच्या उंचीवर लावा, पण तो नायट्रोजन डायऑक्साइड ओळखत नाही, म्हणून खोक्याला पर्याय नाही. पंख्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. आपला धूर त्याच्या घरात ढकलणं म्हणजे उपाय नव्हे.

पत्रा, पंखा आणि भिंतीला भोक पाडायची मजुरी, खर्च एवढाच. टॉर्च विकत घ्यायच्या आधी हे बसवून घ्या. काम करताना डोकं दुखलं, मळमळलं, रात्री खोकला लागला, तर उन्हाला दोष देऊ नका. ज्योत बंद करा, मोकळ्या हवेत जा, आणि डॉक्टरांना आपण काय काम करतो ते आधी सांगा. आता तुमचे प्रश्न घेऊ.