लघुग्रहांच्या पट्ट्यात : काटोलच्या दगडाचे मूळ गाव

या भागात वेस्टा या लघुग्रहाचे विवेचन व्हायचे होते. परंतु काटोलच्या अशनीवरील लेखानंतर शिरूर आणि दौंड तालुक्यांतून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर आधी देणे इष्ट, कारण त्याचा धागा पट्ट्याच्या आतल्या भागातील एका खडकाळ लघुग्रहापर्यंत पोचतो. नांगरटीत वर आलेला, हाताला जड लागणारा आणि चुंबकाला चिकटू पाहणारा काळा दगड आकाशातून पडलेला असू शकतो का, असा तो प्रश्न आहे.

घोड आणि भीमेच्या खोऱ्यात सापडणारे असे दगड बहुतेक सगळे बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाचे असतात. दख्खनचे हे थर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे असून त्यांत मॅग्नेटाइट हे लोहयुक्त खनिज असल्यामुळे चुंबकाची कसोटी येथे फसवी ठरते. दगडात वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या असतील आणि त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतील, तर तो इथलाच समजावा. जुन्या भट्ट्यांतले लोहकीटही पुष्कळांना चकवते. अशनीची, म्हणजे वातावरण भेदून जमिनीवर पोचलेल्या अवकाशातील दगडाची, खूण वेगळी असते: बाहेरून जेमतेम मिलिमीटरभर जाडीची जळकी काळी साल, आणि फुटलेल्या जागी फिकट करडा गाभा, ज्यात निकेलमिश्रित लोखंडाचे बारीक कण चमकताना दिसतात.

22 मे 2012 रोजी दुपारी काटोल परिसरात पडलेले तुकडे याच प्रकारचे होते. ते एल वर्गाच्या कोंड्राइटचे आहेत. कोंड्राइट म्हणजे वितळून थिजलेले गोलसर कण ज्यात असतात असा, सूर्यमालेच्या जन्मकाळचा, सुमारे 456 कोटी वर्षांपूर्वीचा दगड, आणि एल वर्ग म्हणजे त्यांतील लोहाचे प्रमाण तुलनेने कमी असलेला गट. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना 2021 मध्ये काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट आढळले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोलीवरच्या दाबाखाली तयार होते. एवढा दाब अवकाशातल्या छोट्या पिंडावर प्रचंड टकरीखेरीज निर्माण होऊ शकत नाही. ही टक्कर कोठे झाली असावी, हाच खरा रसाचा मुद्दा आहे.

याचे आजवरचे सर्वांत भक्कम उत्तर 2024 मध्ये ‘नेचर’मधून पुढे आले, आणि ते मासालिया या लघुग्रहाकडे बोट दाखवते. 19 सप्टेंबर 1852 रोजी आनिबाले दे गास्पारिस यांनी नेपल्सहून तो शोधला आणि दुसऱ्याच रात्री जाँ शाकोर्नाक यांनी मार्सेय येथून, पहिल्या शोधाची वार्ता नसताना, तो टिपला. नाव मिळाले ते मार्सेय शहराचे प्राचीन नाव. त्याचा व्यास साधारण शिरूर ते पुणे आणि पुढे पुणे ते दौंड या अंतराएवढा, म्हणजे 140 किलोमीटरच्या आसपास आहे. सूर्यापासून सरासरी 36 कोटी किलोमीटरवर तो पावणेचार वर्षांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. त्याच्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाच्या वर्णपटात ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन या खनिजांच्या खुणा उमटतात, आणि एल कोंड्राइटही प्रामुख्याने याच खनिजांचे बनलेले असतात.

सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीच्या एका टकरीत मासालियाचे असंख्य तुकडे उडाले, आणि सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या टकरीने त्यांत भर घातली, असा या संशोधनाचा निष्कर्ष आहे. तापलेला तुकडा सूर्याची उष्णता परत फेकताना त्याला अत्यंत सूक्ष्म रेटा बसतो, त्यामुळे त्याची कक्षा लाखो वर्षांत हळूहळू सरकते. ती सूर्यापासून 37 कोटी किलोमीटरच्या थोडी पलीकडे पोचली, की तुकड्याच्या तीन फेऱ्या गुरूच्या एका फेरीशी जुळतात. या जुळणीला अनुनाद म्हणतात. गुरूच्या ओढीचा परिणाम तेथे साचत जाऊन कक्षा इतकी लांबट होते, की ती पृथ्वीच्या कक्षेला छेदू लागते. काटोलचा दगड याच वाटेने आला असे मानणे सयुक्तिक आहे.

शिरूर-दौंडच्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण हवे असेल, तर ते जामखेडचे आहे. तेथे 5 ऑक्टोबर 1866 रोजी पडलेला दगड मात्र एच वर्गाचा, म्हणजे अधिक लोहाचा आहे, आणि त्या वर्गाचा मुख्य उगम पट्ट्यात आणखी दूर असलेल्या कोरोनिस या लघुग्रहांच्या कुटुंबात मानला जातो.

जळकी साल आणि करडा गाभा असलेला दगड कोणाला खरोखरच सापडला, तर त्याने तो फोडू, धुऊ किंवा घासू नये. जागा आणि तारीख लिहून ठेवून तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात दाखवावा. वेस्टाचे विवेचन पुढील आठवड्यात.