नवीन उपक्रम सुरू करायला सगळे, सांभाळायला कोण? जिओकॅशिंग क्लबकडून शिकण्यासारखी गोष्ट



छोट्या व्यवसायाची पहिली टीम कशी असते? ताई पॅकिंग करते, भाऊ डिलिव्हरीला जातो, मैत्रीण इन्स्टाग्राम बघते, मामा हिशेब लिहितात. पगार कुणालाच नाही. सगळे आपुलकीने येतात. मग एक दिवस आपण जोशात जाहीर करतो, "पुढच्या महिन्यापासून दिवाळी हॅम्पर, शनिवारचा स्टॉल, नवीन वेबसाइट, सगळं सुरू!" तीन महिन्यांनी बघावं तर हॅम्परचे खोके माळ्यावर पडलेत, वेबसाइटवर जुनेच भाव आहेत आणि मैत्रीण फोन उचलत नाही.

बिनपगारी माणसांना सोबत घेऊन नवीन काम उभं कसं करायचं आणि टिकवायचं कसं, हा आजचा विषय. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आणि उदाहरण कुठल्या मोठ्या कंपनीचं घेत नाहीये, अमेरिकेतल्या जिओकॅशिंग क्लबांच्या संचालक मंडळांचं घेतोय. तुम्ही म्हणाल, "सर, हे काय आणि नवीन?" सांगतो.

हा खेळ आहे तरी काय?

जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधायचा, एवढाच खेळ. २ मे २००० या दिवशी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. सामान्य माणसाच्या हातातल्या यंत्राला जागा साधारण दहापट अचूक कळायला लागली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या माणसाने ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळच्या रानात एक बादली ठेवली. आत काही वस्तू आणि एक वही. त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर टाकले. सापडलं तर काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधून काढली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी या खेळाची वेबसाइट सुरू केली. तेव्हा जगभरात मिळून डबे होते ७५. पुढे दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सिएटलमध्ये कंपनी काढली. सुरुवातीचं भांडवल कुठून आलं माहीत आहे? देणगी म्हणून मिळालेले १४४ टी-शर्ट विकून! आज जगात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत. भारतातही आहेत, पण मोजके.

कंपनी वेबसाइट आणि ॲप सांभाळते. पण जमिनीवरचं बरंच काम स्थानिक क्लब करतात. अमेरिकेत अनेक राज्यांत अशा संघटना आहेत. भेटीगाठी ठरवणं, नवख्यांना शिकवणं, उद्यानाच्या अधिकाऱ्यांशी बोलणं, हे सगळं तिथल्या स्वयंसेवी मंडळाकडे असतं. मंडळातली माणसं दिवसा नोकरी करतात आणि रात्री जेवणानंतर मीटिंगला बसतात. पगार शून्य. कुणावर ओरडता येत नाही, कुणाला काढता येत नाही. अगदी तुमच्या टीमसारखंच.

चुकलं तर जातं काय?

वाटेल, खेळच तर आहे, बिघडलं तर बिघडलं. तसं नाही. २०११ मध्ये इंग्लंडच्या वेदरबी गावात असा एक डबा लोकांना बॉम्ब वाटला. रस्ता रिकामा करून बॉम्बशोधक पथकाने तो उडवला. २००५ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने दफनभूमी आणि ऐतिहासिक जागांवर या खेळाला अटकाव करणारं विधेयक मंजूर केलं होतं. पुढे त्याचा कायदा झाला नाही, पण खेळणाऱ्यांना धोका कळला. एकाने निष्काळजीपणे डबा ठेवला तर परवानगी सगळ्यांची जाते. अधिकाऱ्यांचा विश्वास हीच क्लबची खरी पुंजी.

तुमच्या व्यवसायात ही पुंजी म्हणजे गिऱ्हाईक. शनिवारचा स्टॉल दोनदा न सांगता बंद राहिला, की गिऱ्हाईक तुमच्या मसाल्यावर नाही, तुमच्या शब्दावर शंका घेतं.

डब्याचा नियम

या खेळात डबा ठेवण्याचे जे नियम आहेत, तेच मला व्यवस्थापनाच्या पुस्तकांपेक्षा जास्त आवडतात. नीट वाचा.

पहिला नियम: प्रत्येक डब्याला मालक असतो. "आमच्या ग्रुपने ठेवलाय" असं मोघम चालत नाही. नोंद एका खात्यावर होते आणि जबाबदारी त्या खात्याची.

दुसरा नियम: देखभालीची सोय आधी सांगायची. तुम्ही फिरायला लांबच्या शहरात गेलात आणि हौसेने तिथे डबा ठेवून आलात, तर तो सहसा मंजूर होत नाही. वही भिजली, झाकण तुटलं, तर जाऊन बघणार कोण? जवळचा कुणीतरी जबाबदारी घेणार असेल तरच विचार होतो.

तिसरा नियम: अवघडपणा आधीच लिहायचा. प्रत्येक डब्याला १ ते ५ असे दोन आकडे असतात. एक शोधायला किती कठीण याचा, दुसरा तिथपर्यंतची वाट किती कठीण याचा. वाटेसाठी १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोचता येईल. ५ म्हणजे होडी किंवा दोर लागेल.

चौथा नियम: दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर हवं. एका जागी गर्दी नको.

पाचवा नियम सगळ्यात महत्त्वाचा: सांभाळलं नाही तर बंद. लोकांनी तक्रार नोंदवली आणि मालकाने लक्ष दिलं नाही, तर तपासनीस आधी डबा तात्पुरता बंद करतो, मालकाला काही आठवडे देतो आणि तरीही काही हाललं नाही तर नोंद कायमची मिटवतो. हे तपासनीससुद्धा स्वयंसेवकच. यात राग नाही, अपमान नाही. डबा गेला, मालक दुसरा ठेवायला मोकळा.

आता माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. मंडळाने नवीन उपक्रमालाही हाच नियम लावावा, आणि तुम्ही तुमच्या व्यवसायातल्या नवीन कामालाही. कल्पना चांगली आहे का, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की याचा मालक कोण आणि भिजलेली वही बदलायला जाणार कोण?

चार उपक्रम, नियम लावून बघू

*एक: सफाईचा दिवस.* २००२ पासून या खेळात एक प्रथा आहे, डबे शोधायला जाताना कचरा उचलून आणायचा. त्यासाठी खास दिवस ठरवून लोक जमतात. मंडळासाठी सुरुवातीला यापेक्षा चांगला उपक्रम नाही. खर्च हातमोजे आणि पिशव्यांचा. मालक एक माणूस पुरतो. काम एका सकाळीत संपतं. आणि फायदा? उद्यानाचा अधिकारी उद्या डब्याची परवानगी देताना ही चाळीस पोती कचरा विसरत नाही. तुमच्यासाठी धडा: पहिला उपक्रम असा निवडा ज्याला शेवट आहे. "दर आठवड्याला" असं काही नको, "या रविवारी" असं घ्या.

*दोन: नवख्यांचं ओळख सत्र.* उद्यानात किंवा वाचनालयात दोन तास. अर्धा तास माहिती, मग प्रत्यक्ष डबा शोधायचा. इथे गडबड एकाच ठिकाणी होते. शिकवायला उत्साही माणूस मिळतो, पण नंतर आलेल्यांना फोन कोण करणार हे ठरत नाही. मग तीस जण येतात आणि पुढच्या भेटीला दोघेच दिसतात. म्हणून सत्राचा मालक आणि पाठपुराव्याचा मालक अशी दोन नावं आधी लिहा. तुम्ही प्रदर्शनात स्टॉल लावता तेव्हा नंबर लिहून घेता ना? ती वही नंतर कोण उघडतं?

*तीन: नकारातून निघालेलं काम.* अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत डबा ठेवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. रडत बसायचं की वाट काढायची? २००४ मध्ये अर्थकॅश नावाचा प्रकार आला. त्यात डबाच नाही! भूगर्भाच्या दृष्टीने खास जागा शोधायची, तिथला खडक किंवा झरा बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. अमेरिकेची भूशास्त्र संस्था या कामात भागीदार होती. जागामालकाची अडचण डब्याची होती, माणसांच्या येण्याची नव्हती, हे ओळखलं म्हणून मार्ग निघाला. क्लबला हा उपक्रम सोपाही जातो, कारण भिजणारी वहीच नाही. तुम्हाला कुणी "नाही" म्हटलं, की विचारा, नेमकं कशाला नाही? सोसायटी स्टॉलला नाही म्हणते की संध्याकाळच्या गर्दीला? सकाळी आठला चालेल का?

*चार: पर्यटन मार्ग.* हा मोठा. एखाद्या जिल्ह्यात वीस-पंचवीस ठिकाणी डबे ठेवायचे, प्रत्येक डब्यात एक सांकेतिक शब्द, तो पासपोर्टसारख्या पुस्तिकेत लिहायचा, ठरावीक शब्द जमले की खास नाणं भेट. मेरीलँड आणि पेनसिल्वेनिया राज्यांत असे मार्ग झाले आहेत. लोक फिरायला येतात, जेवतात, राहतात, म्हणून पर्यटन खात्याला रस असतो. ऐकायला झकास! पण नियम लावा. पंचवीस डबे म्हणजे पंचवीस वह्या, पंचवीस जागामालक, नाण्यांची ऑर्डर, पुस्तिका तपासणं. एकट्या अध्यक्षाने अंगावर घेतलं तर वर्षभरात तो राजीनामा देतो, आणि मार्गही जातो, माणूसही जातो. म्हणून शहाणं मंडळ आधी पाच डब्यांचा मार्ग करतं, मुदत ठरवतं, आणि किती जण पुस्तिका पूर्ण करतात हे बघूनच सहावा डबा ठेवतं.

आणखी एक. दुकानदार म्हणतो, "मी पैसे देतो, डब्याच्या पानावर माझ्या दुकानाची जाहिरात टाका." खेळाच्या नियमात असं चालत नाही, जाहिरातीसाठी पान वापरता येत नाही. पैसे घेण्याआधी हे माहीत असलेला माणूस मंडळात हवाच. प्रायोजक घेताना अटी आधी वाचा, चेक नंतर घ्या.

ज्याच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत ते काम

नवीन उपक्रमांच्या गडबडीत मंडळ काय विसरतं? कागद. अमेरिकेत ज्या करमुक्त ना-नफा संस्थांची वर्षाची जमा साधारणपणे ५०,००० डॉलर किंवा त्याहून कमी असते, अशा बहुतेक संस्थांना करखात्याकडे दरवर्षी एक अगदी छोटं ऑनलाइन विवरण भरावं लागतं. काही मिनिटांचं काम. पण सलग तीन वर्षं ते राहिलं तर करमुक्त दर्जा आपोआप जातो. तीन वर्षांत खजिनदार बदलतो, पासवर्ड जुन्याच्या ईमेलवर राहतो, आणि नव्याला असं काही भरायचं असतं हेच माहीत नसतं. पैसा खाल्ला नाही, भांडण झालं नाही, तरी संस्था अडचणीत.

आपल्याकडेही जीएसटीची विवरणपत्रं सलग राहिली तर नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणून कागदाच्या कामालाही डब्यासारखा मालक द्या, आणि मालक बदलताना चावी कुणाकडे गेली ते लिहून ठेवा. मामा हिशेब बघतात ना? मग लॉगिन फक्त मामांच्या मोबाइलवर आहे का, ते आज रात्रीच विचारा.

बंद करायला शिका

आपल्याकडे सुरू केलेलं काम बंद करणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. मग मेलेला उपक्रम आपण ओढत राहतो आणि चांगली माणसं त्यात दमतात. खेळात डबा मिटवला तरी ज्यांनी तो शोधला त्यांच्या खात्यावरची नोंद तशीच राहते. झालेलं वाया जात नाही. बिनपगारी माणसाचा पगार म्हणजे त्याचा उत्साह. तो कुठे खर्च होतोय, याचा हिशेब मालकालाच ठेवावा लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या. तुमच्या व्यवसायात सध्या चालू असलेली आणि सुरू करायची ठरवलेली सगळी कामं लिहा. प्रत्येकापुढे पाच रकाने:

१. मालक कोण? एकच नाव. "आम्ही सगळे" लिहिलंत तर रकाना रिकामा धरा.
२. देखभाल काय आणि आठवड्याला किती तास?
३. अवघडपणा १ ते ५. एका माणसाकडे ५ चं एकच काम.
४. दुसऱ्या कामाला खेटून तर नाही ना? तीच माणसं, तीच तारीख असेल तर अंतर ठेवा.
५. कुठल्या तारखेला बघणार आणि काय दिसलं तर बंद करणार?

ज्या कामापुढे पहिला रकाना रिकामा राहील, ते या महिन्यात सुरू करू नका. आणि ज्यांची नावं लिहिलीत त्यांना तो कागद दाखवून समोरासमोर विचारा, "हे तुला खरंच जमेल का?" ताई "नाही" म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. दिवाळीच्या आठवड्यात कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.