धोतऱ्याच्या बियांची ओळख

धोतरा ही सोलॅनेसी कुलातील दतुरा प्रजातीची विषारी वनस्पती आहे. उकिरडे, पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा व शेताचे बांध येथे ती तण म्हणून वाढते. मिरची, वांगे, टोमॅटो व बटाटा याच कुलात मोडतात. धोतऱ्याच्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसत असल्याने त्यांची ओळख न्यायवैद्यकशास्त्रात महत्त्वाची ठरते.

फळ व जाती

फळ काटेरी बोंड असून त्यात असंख्य बिया असतात. दतुरा मेटेल व दतुरा इनॉक्सिया या जातींची बोंडे खाली झुकतात व वेडीवाकडी फुटतात. बिया पिवळसर तपकिरी असतात. दतुरा स्ट्रॅमोनियमचे बोंड ताठ असून चार शकलांनी उघडते. त्याच्या बिया सुमारे ३ मिमी. लांब व काळपट असतात.

मिरचीच्या बियांशी तुलना

पिवळसर तपकिरी धोतऱ्याचे बी सुमारे ४ ते ५ मिमी. लांब, चपटे व मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. भिंगातून पाहिल्यास पृष्ठभागावर बारीक खळगे व जाडसर, दुहेरी वाटणारी कड दिसते. मिरचीचे बी फिकट पिवळे, अधिक गोलसर व गुळगुळीत असते. धोतऱ्याच्या बियांना वास नसतो. मिरचीच्या बियांना तिखट वास येतो.

निर्णायक फरक बी उभे कापल्यावर दिसतो. धोतऱ्याचा भ्रूण नाभीजवळ बाहेरच्या बाजूस वळलेला असतो, तर मिरचीचा भ्रूण इंग्रजी सहाच्या आकड्याप्रमाणे आत वळलेला असतो. धोतऱ्याचे बी कडू असले, तरी ओळखीसाठी ते चाखून पाहणे धोक्याचे आहे.

विषारीपणा

बियांत हायोसायमीन, हायोसीन व ॲट्रोपीन ही अल्कलॉइडे असतात. विषबाधेत तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, त्वचा कोरडी व गरम होते, नाडी जलद चालते आणि रोगी असंबद्ध बडबडतो. अशा वेळी रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे व उरलेल्या बिया सोबत न्याव्यात.

धान्यातील भेसळ

शेतातील धोतऱ्याच्या बिया कापणी व मळणीत धान्यात मिसळू शकतात. पीठ झाल्यावर त्या डोळ्यांनी ओळखणे अशक्य होते. २०१९ साली युगांडात मदत म्हणून वाटलेल्या पौष्टिक पिठात ही अल्कलॉइडे आढळली. त्या विषबाधेत काही जण दगावले. म्हणून बोंडे पिकण्यापूर्वी धोतरा उपटणे व दळणापूर्वी धान्य निवडणे हेच खात्रीचे उपाय होत.