जिताडा: आधी बाप, मग आई

पावसात गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर उभं राहिलं की एक गंमत लक्षात येते. पूर्वेला पडलेला थेंब कुंभीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत आणि शेवटी आंध्रात बंगालच्या उपसागरात जातो. त्याच्यापासून हातभर पश्चिमेला पडलेला थेंब मात्र घाट उतरून वाघोटन नदीतून विजयदुर्गच्या खाडीत पोचतो. दोघांच्याही प्रवासाच्या टोकाला एकच मासा भेटू शकतो. कोकणात त्याला जिताडा म्हणतात, आंध्रात पंडुगप्पा. पंचगंगेत तो येत नाही. कोल्हापूर आणि समुद्र यांच्यामध्ये अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचं प्रकाशम बॅरेज एवढं सगळं आडवं आहे. आपल्याकडे तो येतो घाट चढून, बर्फाच्या पेटीतून.

आपल्या नदीकाठी पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला गर्दी होते. अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे हे मासे. जिताड्याचं नेमकं उलटं. तो नदीत, खाजणात, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी उतरतो. त्याची अंडी चांगल्या खाऱ्या पाण्यातच तरंगतात आणि वाढतात. म्हणून पावसाळ्याच्या आगेमागे, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा मुहूर्त साधून मादी लाखांनी अंडी सोडते आणि भरतीचं पाणी ती कांदळवनाकडे आत ढकलतं. पोरांचं पाळणाघर आत, बाळंतपण मात्र दाराशी.

जिताड्याची खरी नवलाई पुढेच आहे. तो जन्मतो, वाढतो आणि साधारण तीन-चार वर्षांचा झाला की वयात येतो, तो नर म्हणून. आणखी काही वर्षं गेली, लांबी ऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या पुढे सरकली, की त्यातले बहुतेक मादी होतात. निसर्गाचा हिशेब सरळ आहे. शुक्रजंतू तयार करायला लहान शरीर पुरतं. अंडी मात्र पोटाच्या मापाने वाढतात. अंगाने थोर झाल्यावरच आईपण घेतलेलं बरं! म्हणजे बाजारात फळीवर आडवा पडलेला, ज्याच्याभोवती माणसं फोटो काढतात तो दांडगा जिताडा बहुधा ‘ती’ असते.

बर्लिनचे डॉक्टर आणि मत्स्यअभ्यासक मार्कस ब्लॉख यांनी १७९० मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. दोनच वर्षांनी त्यांनी अटलांटिकपलीकडच्या एका माशाचं वर्णन केलं, तो स्नूक. फ्लोरिडा, मेक्सिकोच्या खाड्यांतला हा मासा. जिताडा आणि स्नूक बराच काळ एकाच कुळात गणले जात; आता कुळं वेगळी मानतात, पण वागणं भावाभावांसारखं आहे. स्नूकही खाडीत वाढतो, उन्हाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालतो आणि तोही आधी नर, मग मादी.

फ्लोरिडाने या स्वभावाला धरून कायदा केला. १९५७ पासून तिथे स्नूक विकायलाच बंदी आहे. धरायचा तो गळाने, हौसेपुरता. अंडी घालायच्या हंगामात तोही बंद, आणि थंडीने मासा गारठतो म्हणून हिवाळ्यातही बंद. मला सगळ्यात पटलेली गोष्ट तिसरी: अटलांटिकच्या बाजूला साधारण ७१ ते ८१ सेंटिमीटर याच मापातला मासा घरी न्यायचा. त्याहून लहान सोडायचा, आणि मोठाही सोडायचा.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. कोल्हापूरच्या बाजारात तेव्हा सुरमई-पापलेट महागतं आणि फळ्या रोहू-कटल्याने भरतात. ही बंदी चांगलीच आहे. पण बिगरयांत्रिक होड्या तिच्यातून सुटतात, आणि जिताडा त्या दिवसांत असतो खाडीच्या तोंडाशी, नेमका छोट्या जाळ्यांच्या टप्प्यात. हातावर पोट असलेल्या होडीवाल्याला दोष द्यायचं कारण नाही. पावसाळ्यात त्याला दुसरं काय मिळणार? राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवला, तेही योग्य पाऊल. मात्र लिंग बदलणाऱ्या माशाला फक्त खालची मर्यादा लावून भागत नाही. लहान वाचला आणि मोठ्या सगळ्या गेल्या, तर खाडीत नुसते नवरदेव उरतील. जिताड्याला वरचीही मर्यादा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुदैवाने त्याला तळ्यात वाढवता येतं. रायगडात पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात लोक पावसाळ्यात खाडीतली पिल्लं आणून घराशेजारच्या तळ्यात सोडतात. तिथला तळ्यातला जिताडा पाहुण्याला, जावयाला आणि, लोक हसत सांगतात, काम अडवून बसलेल्या साहेबालाही पोचतो. गोड्या पाण्यात तो झकास वाढतो, पण प्रजा होत नाही. बीज दरवर्षी बाहेरून आणावंच लागतं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये देशात प्रथम त्याचं बंदिस्त प्रजनन साधलं, तेव्हापासून खाडीवर हात न मारता पिल्लं मिळण्याची सोय झाली.

तेव्हा पावसाळ्यात मालवण-रत्नागिरीकडे उतरलात आणि फळीवर गाबोळीने पोट टरटरलेला आठ-दहा किलोचा जिताडा दिसला, तर नुसता बघून पुढे व्हा. कालवणाला तळ्यातला दीड किलोचा घ्या.