गढूळ तलावाचे निदान

५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल अशा स्पर्धेच्या जलतरण तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. आणि एवढे पाणी दर आठवड्याला सोडून देऊन नवे भरणे, पाणीटंचाई ज्यांच्या पाचवीला पुजलेली आहे अशा आपल्या नगरांना तर सोडाच, पण संपन्न राष्ट्रांनाही परवडण्याजोगे नसल्यामुळे, तेच पाणी महिनोन्‌महिने गाळून, निर्जंतुक करून आणि त्याचे रासायनिक संतुलन सांभाळून शेकडो माणसांच्या स्नानास योग्य ठेवणे, ही एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे. तिची महती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही; पाणी गढूळ झाले म्हणजेच ती आठवते.

या विद्येत हयगय झाली म्हणजे काय घडते, ते २०१६ च्या ऑगस्टात रिओ द जानेरोच्या ऑलिंपिक सामन्यांत साऱ्या जगाने पाहिले. २००७ साली बांधलेल्या मारिया लेंक जलक्रीडा केंद्रातील सूर मारण्याच्या स्पर्धांचा तलाव ९ ऑगस्टला एकाएकी हिरवा झाला, पाठोपाठ शेजारच्या तलावालाही तोच रंग चढला आणि वॉटर पोलोच्या खेळाडूंनी डोळे चुरचुरत असल्याची तक्रार केली. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे की, ५ ऑगस्टला एका कंत्राटदाराने पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते. हे द्रव्य स्वतः जंतुनाशक आहे, क्लोरिनही जंतुनाशक आहे. परंतु दोन्ही एकत्र आली की परस्परांचा नाश करतात, आणि मग शेवाळाला अटकाव करणारे कोणीच उरत नाही. समक्रमित जलतरणात पाण्याखालची सहकारी स्पष्ट दिसल्याशिवाय भागत नाही. म्हणून त्या स्पर्धेच्या तलावातील पाणी उपसून टाकून सरावाच्या तलावातून सुमारे ३७ लाख लिटर पाणी रातोरात आणण्याची तजवीज करावी लागली. औषध चांगले असणे पुरेसे नसते, ते कशावर आणि कशासोबत पडणार याचे ज्ञान नसेल तर तेच घातक ठरते, याचा याहून ठळक दाखला मला ठाऊक नाही.

गढूळपणाची कारणे अनेक असली तरी विचारी तलावरक्षक प्रथम औषधांच्या पिंपांकडे वळत नाही, तो फिल्टरच्या खोलीत जातो. तेथील बंद टाकीत साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या कणांची वाळू भरलेली असते, आणि पंपाने दाबलेले पाणी तिच्यातून झिरपताना केस, धूळ, मृत शेवाळ मागे राहते. वाळूत थोडा मळ साचला म्हणजे कणांमधील वाटा अरुंद होऊन ती अधिक बारीक गाळते. म्हणून रोज उठून बॅकवॉश करणारा, म्हणजे उलट्या प्रवाहाने वाळू धुणारा, उत्साही नोकर तलावाचे हित करीत नाही. दाबमापकाचा काटा स्वच्छ वाळूच्या वेळच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पौंडांनी वर चढला, की मग प्रवाह उलटा फिरवावा. बाहेर जाणाऱ्या नळीवरील काचेत आधी चहाच्या रंगाचे पाणी उसळताना दिसते, मग ते फिकट होते, आणि काच नितळ झाली की झडप पूर्ववत करावी.

गाळण्याच्या बाबतीत एक हिशेब फार थोड्यांना ठाऊक असतो. तलावाच्या एकंदर पाण्याइतके पाणी पंपाने एकदा ओढले म्हणजे सर्व पाणी गाळले गेले असे नव्हे. गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहत असल्यामुळे एका फेरीत सुमारे ६३ टक्केच पाणी वाळूतून गेलेले असते, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५ आणि चार फेऱ्यांत ९८ टक्के. विजेचे बिल वाचवण्यासाठी रात्री पंप बंद ठेवण्याची जी वहिवाट पडली आहे, तिचे फळ सकाळच्या धुरकट पाण्यात दिसते.

वाळू निर्दोष असूनही पाणी निवळत नसेल तर प्रश्न रसायनाचा असतो. पाण्यात पडलेल्या क्लोरिनचा जो अंश हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात राहतो तोच खरा जंतुनाशक. आणि तो किती राहील हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. सामू ७.२ असताना हा अंश सुमारे दोन तृतीयांश असतो, ७.५ ला निम्मा आणि ८ ला जेमतेम पाव. म्हणजे सामू चढलेल्या तलावात कितीही क्लोरिन ओतले तरी त्याचा बराचसा भाग नावापुरताच. लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम मोकळे क्लोरिन आणि ७.२ ते ७.८ च्या दरम्यान सामू, एवढी मर्यादा पाळली तर बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत. काठावर येणारा तो उग्र वास, ज्याला लोक क्लोरिनचा अतिरेक समजतात, तो बहुधा घाम व मूत्र यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनांचा असतो, आणि त्यावर उपाय क्लोरिन कमी करणे हा नसून ते हिशेबाने वाढवून ती संयुगे मोडून काढणे हा असतो.

आपल्याकडे बोअरचे जड पाणी तलावात भरले जाते, तेथे आणखी एक घोटाळा होतो. सामू वर गेला की त्यातील चुना कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने बाहेर पडतो आणि पाणी दुधाळ होते. अशा वेळी गावच्या विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर तलावात ओतत राहणे म्हणजे चुन्यात चुन्याची भर घालणे होय. निदान मात्र सोपे आहे: काचेच्या बाटलीत तलावाचे पाणी घेऊन त्यात सौम्य आम्लाचे काही थेंब टाकावेत, पाणी डोळ्यांदेखत निवळले तर दोष चुन्याचा, आणि तसेच धुरकट राहिले तर शेवाळाचा किंवा मळाचा. हे पाच मिनिटांचे काम टाळून हजारो रुपयांची रसायने वाया घालवली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वाळूच्याही हाती न लागणारे सूक्ष्म कण उरले तर आपल्या आज्यांनी पावसाळ्यात रांजणातल्या पाण्यावर जी तुरटी फिरवली, तिच्याच जातीचे द्रव्य, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट, येथेही कामी येते. त्याच्या योगाने विखुरलेले कण एकत्र येऊन जड पुंजके होतात व तळाशी बसतात. मात्र ते पाण्यातील अल्कता खाते, म्हणून ती कमी असल्यास आधी खाण्याचा सोडा घालून वाढवावी. मिश्रण सर्वत्र पसरल्यावर पंप बंद करून रात्रभर पाणी जराही न हलवता ठेवावे. आणि सकाळी तळाचा साका व्हॅक्यूमने सरळ गटारात काढावा, फिल्टरमधून नेऊ नये, कारण तो वाळूला घट्ट धरून बसतो. थोडे पाणी वाया जाते, ते जाऊ द्यावे. आम्ल आणि क्लोरिनचे द्रव्य मात्र कोणत्याही परिस्थितीत एका भांड्यात येऊ देऊ नये. त्यातून निघणारा विषारी वायू माणसाच्या जिवावर बेततो.

इतके सारे ज्याने सांभाळायचे, त्याची नेमणूक आपल्या अनेक तलावांवर कंत्राटी पद्धतीने, कसलेही शिक्षण न देता केली जाते, आणि सामू व क्लोरिनच्या नोंदवहीचे रकाने महिनाअखेरीस एकदमच भरले जातात. हे बदलण्याचा अधिकार वर्गणी भरणाऱ्या पोहणाऱ्यांना आहे. आजची नोंद दाखवा, असे कार्यालयात अवश्य विचारा. आणि काठावर उभे राहून सर्वांत खोल भागातील तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर त्या पाण्यात बुडणारा माणूसही जीवरक्षकाला दिसणार नाही हे ओळखून, तलाव त्या दिवसापुरता बंद ठेवण्याची लेखी मागणी करा.